धोटा पोचल्याचा आवाज

खरं आधीच सांगून टाकते. हेडफोन ॲम्प्लिफायरचा तो संच मी बाबांसाठी मागवलाच नव्हता. बाबांचा माग ऐकू येऊ नये म्हणून मागवला होता.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही नागपुरात, तांडापेठेतल्या विणकरांच्या वस्तीत राहत होतो. घराच्या पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला हातमाग होता. त्या खड्ड्यात पाय सोडून बाबा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जरीकाठाची लुगडी विणत. मागच्या खोलीत मी पॉलिटेक्निकचा अभ्यास करायची. अभ्यास कसला, मागाची धाडधाड ऐकत दात खायची. वर्गात आम्ही दोनच मुली, आणि त्यातही विषय इलेक्ट्रॉनिक्स. गल्लीतल्या बायका आईला विचारायच्या, "तुयी पोरगी आता रेडिओ दुरुस्त कराले बसनार का वं?" आणि आई उगाच हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा. तेव्हा मला बहुतेक सगळ्याचाच राग यायचा. अजूनही येतो, पण आता गुडघे दुखतात म्हणून उठून भांडायला जात नाही.

एका मासिकात जाहिरात पाहिली आणि शिष्यवृत्ती हातात पडल्या पडल्या संच टपालाने, व्ही.पी.ने मागवून घेतला. खोक्यात सर्किटची एक छापील पट्टी, पुड्यांमध्ये बांधलेले सुटे भाग, आवाज कमीजास्त करायचं एकच बटण आणि एक चुरगळलेला कागद. पेटी नव्हतीच. पेटी आपापल्या आवडीची करून घ्या, असं कागदावर लिहिलं होतं. सीताबर्डीच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून मी वाटीएवढ्या कपांचे हेडफोन आणले. बेत असा, की रेडिओ याला जोडायचा, कान झाकायचे, आणि माग गेला उडत. आई म्हणाली, "बाप राबून राह्यला, अन् तू कानात बोळे घालून बसशीन?" मी म्हणाले, "हो, बसीन." अशी मी होते.

पट्टीवर निम्मे भाग सोल्डरने डाखून झाले असतील, तेवढ्यात सोसायटीतून बाबांचं लुगडं परत आलं.

सोसायटी म्हणजे विणकरांची संस्था. ती सूत द्यायची, आम्ही विणून द्यायचं. कापड घेण्याआधी तिथला तपासनीस ते उजेडापुढे धरून बोटबोट पाहायचा. हा माणूस कधीकाळी स्वतः मागावर बसलेला, त्यामुळे त्याला फसवणं अवघड. त्या वर्षात बाबांचं हे तिसरं लुगडं परत येत होतं. प्रत्येकात एकच खोट होती. मधेच कुठेतरी ताण्याचे, म्हणजे उभे, तीसचाळीस धागे एकदम तुटलेले आणि गाठी मारून जोडलेले. बाबांच्या गाठी इतक्या बारीक, की दुसऱ्या कुणाला दिसल्या नसत्या. तपासनिसाला दिसल्या.

ती खोट कशाने येते हे विणकराच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डोक्यावरची दोरी ओढली, की धोटा आडवा धागा घेऊन ताण्यातून या टोकाच्या पेटीतून त्या टोकाच्या पेटीत धावतो. तो पोचला की पेटीत 'टक' वाजतं. मग फणीची चौकट आपल्याकडे ओढून धागा ठोकायचा. ती धाडधाड याच ठोकण्याची. पण धोटा अर्ध्यात अडकला आणि तुम्ही ठोकलंत, तर लाकडाचा तो तुकडा धाग्यांत चिणला जातो आणि तीसचाळीस धागे एका झटक्यात जातात. विणकराचे डोळे जरीच्या काठावर असतात. धोटा पोचला की नाही हे तो डोळ्यांनी पाहत नाही, कानांनी ऐकतो. आणि बाबांना तो 'टक' ऐकू येईनासा झाला होता.

चाळीस वर्षांच्या धाडधाडीने त्यांचे कान खाल्ले होते. ढोलताशा, ट्रकचा भोंगा, माझ्या भावाचं ओरडणं हे सगळं ऐकू यायचं. बारीक आवाज मात्र गेला होता. चिमणी गेली, नाण्याचा खणखणाट गेला, धोट्याचा टकही गेला. सरकारी दवाखान्यातून कानाचं यंत्र आणलं होतं. ते घालून मागावर बसले, तर धाडच आणखी मोठी झाली, आणि बाबांनी ते काढून कोनाड्यात ठेवून दिलं. वस्तीत त्यांना 'बहिरा' म्हणू लागले होते. तोंडावर म्हणायचे, कारण बहिऱ्याच्या तोंडावर बोलायला काय जातं?

सोसायटीने निरोप धाडला. हा ताणा शेवटचा. यात खोट निघाली तर पुढचं सूत मिळणार नाही.

पुढच्या रविवारी कोराडीहून भाऊ आला. तिथल्या वीजकेंद्रात तो नोकरीला होता, आणि क्वार्टरमध्ये एक खोली रिकामी होती. त्याचं मन वाईट नव्हतं, हे आज म्हणते. त्या दिवशी म्हटलं नसतं. तो आईला म्हणाला, "बस झालं आता. माग इकून टाकू. बाबाले तिकडे नेतो, आराम करू दे."

"त्याईले इचारलं का तू?" मी म्हणाले.

"त्याईले काय इचारू? ऐकू येते का त्याईले?"

बाबा तिथेच, त्याच्यापासून दोन हातांवर बसून कांड्यांवर सूत भरत होते. आमच्या तोंडांकडे पाहत होते. आईने हातवारे करून त्यांना सांगितलं. माग, मग नाही अशी मान, मग कोराडीच्या दिशेला बोट. बाबा उठले, खड्ड्यात उतरले, आणि मागाच्या लाकडावर हात ठेवून नुसते बसून राहिले. विणलं नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा भरदिवसा ते घर शांत होतं. हीच शांतता मला हवी होती, नाही का? त्यासाठीच तर खोकं मागवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

मी जाऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसले. त्यांना समजावं म्हणून तोंड मोठं करून विचारलं, "बाबा, काय होते मागावर? नेमकं सांगा."

"धाड येते आयकू," ते म्हणाले. "टक नाई येत. धोटा पोचला का नाई, मले समजतच नाई. मंग अंदाजानं ठोकतो." मग म्हणाले, "अंदाजानं कापड होत नाई वं."

मी म्हणाले, "टक मी आनून देतो." आमच्याकडे बायकाही 'देतो'च म्हणतात. भाऊ मागून म्हणाला, "मोठी आली इंजिनेर." मी वळून पाहिलं नाही.

इतवारीच्या भंगारातून मी दोन मोडक्या रेकॉर्ड प्लेअरचे सुई धरणारे भाग आणले. त्यांना लाकडाची थरथर कळते. हवेतल्या आवाजाशी त्यांना काही देणंघेणं नसतं. एक मी धोट्याच्या एका पेटीला बांधला, एक दुसरीला. दोन्हीकडच्या तारा संचाच्या पट्टीला जोडल्या आणि बाबांच्या डोक्यावर हेडफोन चढवले. पहिल्या ठोक्याला त्यांनी ते फेकूनच दिले. धाड थेट डोक्यात शिरली होती.

मग मी पुस्तकं काढली. पट्टीच्या तोंडाशी जो कपॅसिटर असतो, तो जितका लहान तितका जाड आवाज बाहेर अडतो आणि बारीक आवाज आत जातो. चाळणीचंच काम. संचाच्या कागदाने सांगितलेला कपॅसिटर मी उपटला आणि लहान लावला, मग त्याहून लहान. मे महिना होता. पत्र्याच्या छपराखाली हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न. पंखा लावला की त्याने ते गार पडायचं, म्हणून पंखा बंद. घामाचा थेंब पट्टीवर पडला की चर्र व्हायचं. भरदुपारी बायका दारातून डोकावून म्हणायच्या, "बापाले वायर लावून राह्यली का वं?" मी म्हणायची, "हो. तुमच्या नवऱ्यालेबी लावाची आहे का, लावून देतो." आईने आता हसणं सोडलं होतं. ती दार लोटून घ्यायची.

बाबांचा उजवा कान डाव्यापेक्षा जास्त गेला होता. संचात दोन्ही कानांना मिळून एकच बटण. ते काढून मी दोन वेगळी लावली. कुठलं बटण कुठल्या कानाचं हे बाबांना कळावं म्हणून मी इंग्रजी अक्षरं लिहायला निघाले, तर त्यांनी ती बटणं माझ्या हातातून घेतली. डाव्यावर लाल रेशीम गुंडाळलं, उजव्यावर हिरवं. एकावर एक फेरा न चढवता इतकं घट्ट, की ते बटणाचंच अंग वाटावं. पेटीही त्यांनीच केली, जुन्या मोडक्या मागाच्या सागवानाची. रंधा मारला, कोपरे घासून गोल केले, लाखेचं पॉलिश दिलं. कागदावर लिहिलंच होतं, पेटी आपापल्या आवडीची करून घ्या म्हणून.

चाचणीच्या दिवशी बाबांनी दोरी ओढली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. दहा-बारा फेऱ्या झाल्या आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. ते काहीतरी बोलणार, एवढ्यात भुवया खाली आल्या. आवाज बंद. पाहिलं तर तार तुटलेली. जोडली, पुन्हा तुटली. धोट्याच्या पेट्या फणीच्या चौकटीवरच, ती दिवसभर पुढेमागे हलणार आणि तिच्यासोबत ती तारही. तांबं किती वाकणार? जाड तार लावली, तीही तुटली. दोन दिवस हेच. मी चिडून पक्कड भिंतीवर फेकली आणि भिंतीचा पोपडा पडला. तो कितीतरी वर्षं तसाच होता.

 बाबांनी माझ्या भंगारातल्या एका तुटलेल्या हेडफोनची वायर उचलून नखाने सोलली. आतला तंतू बोटांत घेतला, डोळ्यांजवळ नेला, दाताखाली धरला, आणि मोठ्याने हसले. कित्येक महिन्यांनी हसले असतील.

"हे तं जर आहे," ते म्हणाले.

मी पाहिलं. खरंच. आत सुताचा धागा, आणि त्याच्यावर तांब्याची चपटी पट्टी गुंडाळलेली. जर अशीच असते, रेशमावर चांदीची पट्टी. धागा वाकतो, धातू नुसता त्याच्यावर सरकतो, म्हणून तुटत नाही. दोन वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकून मला जे कळलं नव्हतं, ते त्यांनी दाताने ओळखलं. त्यांनी लाकडी डबीतून काठाची उरलेली अस्सल जर काढली आणि म्हणाले, "हे लाव." मी म्हणाले, "बाबा, जरीतून करंट जाते का?" पण मीटर लावून पाहिलं, तर काटा टणकन उडाला. जरीला डाख बसेना, तेव्हा टोकांना त्यांनीच बारीक तांब्याची तार गुंडाळली आणि मी त्या गुंडाळीवर डाख दिला. जरीच्या दोन सरी या पेटीला, दोन त्या पेटीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालू केलं, तर काहीच नाही. आवाजाचा टिपूस नाही. पट्टी तपासली, बॅटरी तपासली, सगळं ठीक. शेवटी जरीला हात लावला, तर बोटं चिकटली.

"हे काय लावलं बाबा?"

"खळ," ते म्हणाले, जणू हे काय विचारणं झालं. "बिनखळीचा धागा मागाले कोन लावते वं?"

पहाटे उठून त्यांनी तांदळाची खळ शिजवली होती, दोन्ही सरी एकत्र धरून तिच्यात माखल्या होत्या आणि कुंच्याने निपटल्या होत्या, जशा आयुष्यभर निपटल्या तशा. सरी एकमेकींना चिकटून करंट वाटेतच परत फिरत होता. मी कपाळाला हात लावला. मग आम्ही दोघं कोमट पाण्याने ती जर धूत बसलो. वाळवून प्रत्येक सर मी वेगळ्या बारीक रबरी नळीतून ओवली. बाबांना ते पटलं नाही. शेवटपर्यंत म्हणत राहिले, खळ लागते म्हणजे लागते.

दुपारी त्यांनी हेडफोन घातले. लाल बटण थोडं फिरवलं, हिरवं जास्त. दोरी ओढली. थांबले. पुन्हा ओढली. मग फक्त "आला" म्हणाले. धोटा इकडे आला, तिकडे गेला, आणि ते दर वेळी मान हलवत होते. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मी तोंड फिरवून डाखाचे थेंब वेचत बसले, म्हणजे रडले. लपवायचं काय त्यात?

पुढच्या रविवारी भाऊ पुन्हा आला. हे पाहून म्हणाला, "उरले सुरले कानबी जातीन यानं." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मलाही ती भीती होतीच. मी ते बाबांना तोंड मोठं करून सांगितलं. बाबांनी डोक्यावरून हेडफोन उतरवले आणि भावाकडे पाहून म्हणाले, "उरलेले कान कोनासाठी ठिवू? तुया क्वार्टरात पंखा आयकाले?" भाऊ त्या दिवशी जेवण न करताच परतीच्या बसने निघून गेला.

त्या ताण्यावर चार लुगडी निघायची होती. गल्लीत रोज दारासमोर घोळका, आणि "म्हातारा पायलट झाला, इमान चालवून राह्यला" म्हणून हसणं. बाबांच्या कानांवर कप होते. त्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, आणि मला ते फार आवडायचं.

चारपैकी तीन लुगडी सोसायटीत नेली. चौथं अजून मागावर होतं. तपासनिसाने पहिलं उजेडापुढे धरलं, मग दुसरं, मग तिसरं. तिन्ही पुन्हा पाहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "कोनाकडून इनून घेतले?"

"बाबाईनं इनले."

"पोरी, मी या धंद्यातला आहो. टक आयकू न येनाऱ्या मानसाचं हे काम नोहे. दुसऱ्याचा माल त्याच्या नावावर नाई घेता येत मले."

माझ्या अंगाची आग झाली. खोट काढली असती तर सोसलं असतं. खोट नाही म्हणून चोर? मी कापड उचललं आणि म्हणाले, "मंग चला घरी. तुमच्या डोयानं पाहा. न पाहता बोलाचं नाई." बाकीची माणसं हसली. तो हसला नाही. त्याने चपला घातल्या.

घरी येईपर्यंत मागे अर्धी गल्ली. बाबा खड्ड्यात, डोक्यावर हेडफोन, बाजूला सागवानी पेटी. त्यांनी त्याला पाहिलं, मान लववली आणि हात चालूच ठेवला. तपासनीस मागाजवळ वाकून उभा राहिला. त्याचे डोळे काठावर नव्हते, बाबांच्या हातावर होते. दोरी, धोटा, धाड. दोरी, धोटा, धाड. लोक चुळबुळ करू लागले. यात पाहण्यासारखं होतं तरी काय?

मग बाबांनी दोरी ओढली, आणि फणीवरचा हात अर्ध्यावर थांबला.

आम्हाला कुणालाच काही कळलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "बंद पडली मशीन." बाबांनी चौकट हळूच मागे सारली, ताण्याच्या धाग्यांखाली दोन बोटं घातली, आणि जरीच्या काठापाशी अडकलेला धोटा अलगद बाहेर काढला. एकही धागा तुटला नव्हता. टक आला नव्हता, आणि तो आला नाही हे त्या गर्दीत फक्त बाबांना ऐकू आलं होतं. त्यांना, आणि बहुधा तपासनिसाला. तो सरळ उभा राहिला आणि मागे वळून त्याने सगळ्यांना हातानेच गप्प बसायची खूण केली.

मग तो खाली वाकला. बाबांच्या उजव्या कानावरचा कप त्याने उचलला आणि बहिऱ्याशी बोलतात तसा जीव खाऊन ओरडला, "पुढचं सूत उद्याच धाडतो, काका!"

बाबांनी त्याच्या हातातून कप सोडवून पुन्हा कानावर बसवला.

"वरडू नको गा," ते म्हणाले. "धोटा आयकून राह्यलो मी."

आणि त्यांनी दोरी ओढली.